सांडलं तर काय करायचं? भिंतीवरचा तक्ता आणि टँकरवरची पाटी

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात तुमच्यासमोर एक कागद येईल. 'प्रयोगशाळेतील सुरक्षेचे नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत.' खाली तुमची सही, तारीख, गाइडची सही. मीही केली होती. नियम वाचले होते का? खरं सांगायचं तर नाही. सिनियर म्हणाली, "कर गं, सगळेच करतात," आणि मी केली.

आपण इथे एरवी शोधनिबंध कसा वाचायचा यावर बोलतो. पद्धत काय वापरली, निष्कर्ष पुराव्यातून निघतो का, लेखकाने काय गृहीत धरलंय वगैरे. आज तीच नजर एका अशा मजकुरावर टाकायची आहे, ज्याचं परीक्षण सहसा कुणी करत नाही. लॅबच्या दाराशेजारी लॅमिनेट करून लावलेला तक्ता: रसायन सांडल्यास काय करावे. तुमच्या कॉलेजात आहे, माझ्याकडे आहे, बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हाच आहे. तुम्हाला वाटेल, तक्त्याचं कसलं परीक्षण? पण हा तक्ता घाबरलेल्या माणसाने, नाकात वाफ जात असताना, अर्ध्या मिनिटात वाचायचा असतो. इतक्या कठीण परिस्थितीत वाचला जाणारा दुसरा मजकूर तुमच्या लॅबमध्ये नाही. म्हणून तो किती चांगला लिहिलाय, हे तपासायलाच हवं.

तक्ता काय म्हणतो

मूळ मजकूर इंग्रजीत असतो. त्याचा सारांश साधारण असा:

१. आजूबाजूच्यांना सावध करा.
२. संरक्षक साधने घाला.
३. वायुवीजन सुरू करा.
४. शोषक पदार्थाने टिपून घ्या. आम्ल किंवा अल्कली असल्यास उदासीन करा.
५. गोळा झालेल्या कचऱ्याची योग्य विल्हेवाट लावा.
६. मोठ्या प्रमाणात सांडल्यास सुरक्षा विभागाला कळवा.

यातलं 'मोठं प्रमाण' म्हणजे कुठे एक लिटर, कुठे चार.

आधी चांगलं ते सांगते. 'सावध करा' हे पहिलं आहे, ते योग्य आहे. हातमोजे घालण्याआधी पुसायला धावू नका, हेही क्रमातून कळतं. आणि तक्ता एका पानात मावतो, हा गुण कमी नाही. ज्यांनी हा साचा मुळात तयार केला त्यांनी विचार केला होता. अडचण आहे ती हा साचा ज्या जागेसाठी लिहिला त्या जागेत आणि आपल्या लॅबमध्ये असलेल्या अंतराची. ते अंतर मला कळलं ते असं.

त्या संध्याकाळी

पीएचडीचं पहिलं वर्ष, संध्याकाळचे साडेसहा. काचेची भांडी धुवायला मी संहत नायट्रिक आम्ल काढलं होतं. अर्ध्या लिटरची बाटली, निम्मी भरलेली. कोपर लागलं आणि बाटली लादीवर. लॅबमध्ये मी आणि बाहेर पॅसेजमध्ये लॅब अटेंडंट काका, घरी निघायच्या तयारीत.

मी तक्त्याकडे बघितलं. खरंच बघितलं. ॲप्रन अंगावर होता, हातमोजे घातले, एक्झॉस्ट लावला. मग 'शोषक पदार्थाने टिपून घ्या'. हाताशी काय होतं? टिश्यूचा रोल आणि कोपऱ्यात ठेवलेली जुनी वर्तमानपत्रं. सगळं आम्लावर टाकलं. काकांना हाक मारली. ते बिचारे नाकाला रुमाल बांधून पोछा घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून ओला लगदा प्लास्टिकच्या पिशवीत भरला आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

थोड्या वेळाने पिशवी गरम झाली होती आणि तिच्यातून तपकिरी धूर येत होता. काकांनीच ती उचलून बाहेर उघड्यावर नेऊन ठेवली. मी गाइडना फोन केला नाही. ओरडा बसेल ही भीती, शिवाय 'एवढं काय, लिटरभरसुद्धा नव्हतं' असंही मनात होतंच. तक्त्याप्रमाणे हे 'लहान' सांडणं होतं!

दुसऱ्या दिवशी काका उशिरा आले. रात्रभर खोकत होते म्हणाले. तेव्हा घाबरून मी नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल वाचायला घेतलं. संहत नायट्रिक आम्ल नुसतं संक्षारक नाही, ते ऑक्सिडीकारकही आहे. कागद, भुसा, कापूस यांच्यावर ते पडलं की उष्णता निघते, नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, कधी आगही लागते. आणि तो वायू फसवा आहे. हुंगल्यावर थोडं चुरचुरतं, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी साठू शकतं. हे वाचून मी काकांना घेऊन दवाखान्यात गेले आणि गाइडना सगळं सांगितलं. सुदैवाने काही गंभीर निघालं नाही. पण ती रात्र काका घरी एकटे खोकत होते आणि त्यांना काय झालं असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

माझी चूक माझीच आहे. तरी परीक्षक म्हणून एवढं नोंदवते की मी तक्त्यातल्या पहिल्या पाचही ओळी पाळल्या होत्या.

दोष पहिला: क्रियापदं आहेत, रसायनशास्त्र नाही

'टिपून घ्या' आणि 'उदासीन करा' ही दोन क्रियापदं तक्त्यात अशी येतात, जणू सगळी द्रवं सारखीच. टिपायचं कशाने, हे रसायनावर ठरतं. नायट्रिक आम्लाला कोरडी वाळू चालेल, कागद आणि लाकडाचा भुसा चालणार नाही. थर्मामीटर फुटून पारा सांडला तर टिपून काहीच होत नाही. झाडू मारला तर त्याचे आणखी बारीक थेंब होऊन पसरतात. जाड कागदाच्या कडेने ते एकत्र आणून ड्रॉपरने उचलायचे असतात. ब्रोमिनला सोडियम थायोसल्फेट लागतं. हायड्रोफ्लोरिक आम्लाची तर गोष्टच वेगळी. ज्या लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नाही, तिथे ती बाटली उघडूच नये.

'उदासीन करा' ही ओळ तर आकडेमोडीत टिकत नाही. माझ्या बाटलीतलं अडीचशे मिलिलिटर आम्ल घ्या. बाजारातलं संहत नायट्रिक साधारण १६ मोलर असतं, म्हणजे ४ मोल आम्ल. ते उदासीन करायला ४ मोल सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे ३३६ ग्रॅम. शिवाय त्यातून खोलीच्या तापमानाला जवळजवळ ९८ लिटर कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर येणार, आणि फसफसताना आम्लाचे तुषार उडणार. आमच्या सुरक्षा पेटीत सोड्याची पुडी होती शंभर ग्रॅमची. म्हणजे तक्ता लिहिणाऱ्याने आणि पेटी भरणाऱ्याने एकमेकांशी बोलून हिशेब केला नव्हता. तुम्ही तुमच्या लॅबमधली सर्वांत मोठी आम्लाची बाटली बघा आणि हाच हिशेब करा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सेफ्टीच्या तासाला झोप येते त्यापेक्षा बरंच बोधप्रद आहे.

दोष दुसरा: धोका लिटरमध्ये मोजणं

'लहान' आणि 'मोठं' सांडणं ही विभागणी आली कुठून? अमेरिकेत ऑशा ही कामगार सुरक्षेची यंत्रणा आहे. तिच्या आपत्कालीन प्रतिसादाच्या नियमात एक फरक केलेला आहे: तिथे काम करणारी माणसं जागच्या जागी टिपून, उदासीन करून आवरू शकतात ते किरकोळ सांडणं, आणि बाहेरून पथक बोलवावं लागतं ती आपत्ती. या व्याख्येत लिटर नाहीत. तिथे प्रश्न आहे तो समोरच्या माणसांना ते आवरता येतं का, हा. पुढे तक्ते बनवताना कुणीतरी सोयीसाठी आकडा घातला आणि मग आकडाच लक्षात राहिला.

आता आकडा कसा फसवतो ते बघा. अर्धा लिटर डायइथाइल ईथर सांडलं. तक्त्यानुसार लहान. वजन सुमारे ३५६ ग्रॅम, म्हणजे ४.८ मोल. सगळं उडून गेलं तर साधारण ११८ लिटर वाफ. ईथरची हवेतली ज्वलनशीलतेची खालची मर्यादा १.९ टक्के आहे. म्हणजे ही वाफ सुमारे ६.२ घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते. ऐकायला कमी वाटतं. पण ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. १० चौरस मीटरची लादी घ्या. लादीपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचा थर पेटण्याजोगा होऊ शकतो. प्रत्यक्षात वाफ इतकी एकसारखी पसरत नाही, कुठे दाट, कुठे विरळ असते. पण त्या थरात कुठेतरी चालू हॉटप्लेट असेल, फ्रिजचा कॉम्प्रेसर असेल, तर पुरे. आणि तक्त्याची तिसरी ओळ काय सांगते? वायुवीजन सुरू करा. म्हणजे भिंतीवरच्या साध्या एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबा. त्या बटणात ठिणगी असते. नायट्रिकच्या वेळी मी फॅन लावला ते निभावलं. ईथर असतं तर तीच ओळ घातक ठरली असती.

दुसरं टोक बघा. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये कॅरन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका डायमिथाइल मर्क्युरीवर काम करत होत्या. विषारी धातूंचा अभ्यास हेच त्यांचं क्षेत्र. फ्यूम हूडमध्ये काम, हातात लेटेक्सचे हातमोजे. पिपेटमधून काही थेंब हातमोज्यावर पडले. काही थेंब! लक्षणं दिसायला काही महिने गेले, आणि ८ जून १९९७ ला त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचण्यांत कळलं की ते रसायन लेटेक्समधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे 'संरक्षक साधने घाला' ही ओळ त्यांनी पाळली होती. साधन त्या रसायनासाठी चुकीचं होतं आणि ते सांगणारा मजकूर त्यांच्या हाती नव्हता. त्या घटनेनंतर जगभर हातमोज्यांकडे बघण्याची दृष्टी बदलली. आपल्या तक्त्यात मात्र अजून नुसतं 'साधने घाला' एवढंच आहे.

सोळा विभागांचा कागद

तुम्ही म्हणाल, तक्ता ढोबळच असणार, तपशिलासाठी सेफ्टी डेटा शीट आहे की. आहे. सोळा विभाग असतात, आणि सहावा विभाग अपघाताने सांडल्यास काय करावे याचाच असतो. मी बऱ्याच शीट्सचा सहावा विभाग एकापुढे एक वाचून बघितला. तुम्हीही वाचा. पुरेसं वायुवीजन ठेवा, वाफ श्वासात घेऊ नका, गटारात जाऊ देऊ नका, योग्य डब्यात भरा. नाव झाकलं तर कुठल्या रसायनाची शीट आहे हे ओळखणं पुष्कळदा कठीण जातं. कारण हा मजकूर गोदामातल्या पिंपासाठी, टँकरसाठी आणि तुमच्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीसाठी एकदमच लिहिलेला असतो. सगळ्यांना लागू पडणारी सूचना शेवटी कुणालाच नेमकी लागू पडत नाही.

म्हणून शीट टाकाऊ आहे असं नाही. ती वाचायची पद्धत वेगळी आहे. एकटा सहावा वाचू नका. त्याच्यासोबत चौथा म्हणजे प्रथमोपचार, आठवा म्हणजे कुठले हातमोजे आणि श्वसनसंरक्षण, आणि दहावा म्हणजे हे रसायन कशाकशाबरोबर पेटतं किंवा फुटतं, असे चार विभाग एकत्र वाचा. माझ्या नायट्रिकची खरी सूचना दहाव्या विभागात होती: सेंद्रिय पदार्थांपासून दूर. सहाव्यात ती कुणी ठळकपणे लिहिली नव्हती. आणि वाचायची वेळ प्रयोगाच्या आदल्या दिवशीची. बाटली फुटल्यावर सोळा विभाग चाळत बसणं कुणाला जमणार?

सविस्तर वाचायचं असेल तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं 'प्रूडेंट प्रॅक्टिसेस इन द लॅबोरेटरी' वाचा. पहिली आवृत्ती १९८१ ची, सुधारित २०११ ची. प्रयोगाआधी धोका कसा तोलायचा हा भाग फार चांगला आहे. मात्र वाचताना एक गोष्ट पेन्सिलने लिहून ठेवा: या पुस्तकाच्या जगात कॅम्पसवर सुरक्षेचा पूर्णवेळ विभाग असतो आणि फोन केला की माणसं येतात. आपल्या तक्त्यातली सहावी ओळ त्याच जगातून आलेली आहे. 'सुरक्षा विभागाला कळवा.' आपल्याकडे अनेक ठिकाणी त्या फोनवर कोण असतं? गेटवरचे वॉचमन काका.

कळंबोलीतली पाटी

आता मी पनवेलची, त्यामुळे तिसरा मजकूर माझ्या रोजच्या रस्त्यावरचा आहे. आमच्या एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला रसायनी, आणि मधल्या कळंबोली सर्कलला टँकरची रांग. रिक्षात बसून सिग्नल सुटायची वाट बघताना समोर टँकरची मागची बाजू असते. तिच्यावर एक चौकोनी पाटी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर ती लावावी लागते.

पेट्रोलच्या टँकरवर बघा: यूएन क्रमांक १२०३ आणि वर '३ वाय ई'. हा हॅझकेम संकेत. ३ म्हणजे आग लागली तर फोम वापरा. वाय या अक्षरात इतर सूचनांसोबत हेही येतं: भडका किंवा स्फोट होऊ शकतो, आणि सांडलेलं वाहून गटारात जाऊ देऊ नका, अडवा. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. बाजूला धोक्याचं चित्र आणि फोन नंबर.

तीन चिन्हं आणि चार आकडे. मजकूर म्हणून मला ही पाटी तिन्हींत सरस वाटते. ती दुरून वाचता येते. वाचायला जवळ जावं लागत नाही, जे आपल्या तक्त्याला जमत नाही, कारण तो बहुधा आत, सांडलेल्या जागेच्या पलीकडे असतो. ती नेमक्या त्या पदार्थाबद्दल बोलते. आणि मुख्य म्हणजे तिचं शेवटचं अक्षर साफसफाईबद्दल नाही, माणसं हलवण्याबद्दल आहे. तक्त्यात 'बाहेर पडा' ही ओळच नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? माझ्याही तोपर्यंत आलं नव्हतं.

पाटीलाही मर्यादा आहे. ती अग्निशमनच्या जवानासाठी लिहिलेली आहे, संकेत माहीत नसणाऱ्याला ती मुकी. पण कोण वाचणार हे ठरवून ती लिहिली गेली. टँकरच्या ड्रायव्हरला या कामाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मालाची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवावी लागते. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यावर कामगारांना धोक्याची माहिती देण्याचं बंधन आलं. धोका जवळ आलाय असं वाटलं तर तसं बजावून सांगण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. कॉलेजची प्रयोगशाळा सहसा 'कारखाना' या व्याख्येत बसत नाही. म्हणजे तळोज्यातल्या कामगारासाठी कायद्याने जे कागदावर तरी आणलं, ते माझ्या लॅबमधल्या काकांसाठी नव्हतंच.

दोष तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा

तक्ता कुणाला उद्देशून आहे? इंग्रजी वाचणाऱ्याला. म्हणजे मला. पण आपल्याकडे सांडलेलं पुसतं कोण? अटेंडंट काका, नाहीतर सकाळी येणाऱ्या सफाईच्या मावशी. ज्याच्या हातात पोछा आहे त्याच्यासाठी त्या पानावर एक शब्द नाही. आणि 'पुसायला कुणालातरी बोलवा' असं कुठेही लिहिलेलं नसताना आपण सगळे तेच करतो, कारण घरापासून तीच सवय आहे. हे तक्त्याच्या लेखकाला ठाऊक नसणार. आपल्याला आहे. तरी आपण तो तसाच छापून लावला.

बेवारस बाटल्या

आणखी एक गोष्ट तक्ता गृहीत धरतो: काय सांडलं ते तुम्हाला माहीत आहे. १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या आवारात, गंजलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. त्यांत शेजारच्या शिक्षणसंस्थेतले विद्यार्थी होते, कामगार होते, अग्निशमनचे जवानही होते. असे सुमारे १४० सिलिंडर तिथे १९९७ पासून पडून होते. तेरा वर्षं कुणाचेच नव्हते.

आता तुमच्या लॅबमधलं सर्वांत खालचं कपाट उघडा. तीन बॅचपूर्वीच्या स्कॉलरच्या बाटल्या, लेबल पुसलेलं, किंवा नुसतं 'एस-४, शुद्ध' असं मार्करने लिहिलेलं. ती बाटली फुटली तर तक्ता, डेटा शीट, पाटी, तिन्ही निरुपयोगी. शिवडीतल्या सिलिंडरांचं जे झालं तेच लहान प्रमाणात त्या कपाटात होतंय. म्हणून सांडल्यावर काय करायचं याची तयारी लेबलापासून सुरू होते. नाव, तारीख, कुणाची.

मी तक्ता लिहिला तर

नुसती टीका करून थांबणं बरं नाही. आमच्या लॅबसाठी मी जो लिहिलाय, तो असा. मराठीत आहे, दाराच्या बाहेरच्या बाजूला लावलाय:

१. अंगावर किंवा डोळ्यात उडालं? आधी पाणी. भरपूर, १५ मिनिटं. भिजलेले कपडे काढा. लाजू नका.
२. नाव घेऊन ओरडा: "नायट्रिक सांडलंय, बाहेर व्हा!"
३. चार प्रश्न. हे काय आहे ते नक्की माहीत आहे? धूर, वाफ किंवा आगीची भीती नाही ना? याच रसायनाचं साधन आणि सराव दोन्ही आहेत? सोबत दुसरं कुणी आहे? एकाही उत्तराबद्दल शंका असली तर बाहेर पडा, दार ओढून घ्या. बटणांना हात लावू नका.
४. दाराशी एकाने थांबायचं, कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्याने फोन: गाइड, लॅब इन्चार्ज, गरज पडली तर ११२ किंवा १०१.
५. काय सांडलंय हे ज्याला माहीत नाही, त्याला पुसायला बोलवायचं नाही.
६. हे सगळं झाल्यावर, आवरण्याजोगं असेल तरच, साफसफाई. कुठल्या रसायनाला काय, ते मागच्या पानावर.

मागच्या पानावर आमच्या लॅबमध्ये खरोखर वापरली जाणारी अकराच रसायनं आहेत. प्रत्येकासमोर काय टाकायचं, किती टाकायचं, काय मुळीच टाकायचं नाही आणि कुठले हातमोजे. सुरक्षा पेटी त्या यादीप्रमाणे भरली. सोडा आता दोन किलो आहे. मसुदा मी आधी काकांना वाचायला दिला. दुसऱ्या ओळीत मी आधी 'सर्वांना सूचित करा' लिहिलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, असं कोण ओरडतं?" म्हणून ती बदलली.

याला दोष नाहीत असं नाही. रात्री लॅबमध्ये एकटं काम करणाऱ्याचं काय, हा प्रश्न माझ्या तक्त्यानेही सोडवलेला नाही. चौथ्या ओळीत दोन माणसं लागतात, आणि स्कॉलरच्या आयुष्यात रात्री अकराला दुसरं माणूस कुठून आणणार? सध्या आम्ही आठनंतर सांडण्याजोगी धोकादायक कामं करायची नाहीत असं आपसात ठरवलंय. ते किती दिवस टिकतं बघू.

तुम्ही पुढच्या महिन्यात कुठल्यातरी लॅबमध्ये रुजू व्हाल. तो सहीचा कागद समोर येईल. सही जरूर करा, पण आधी चार गोष्टी विचारा: सुरक्षा पेटी कुठे आहे आणि ती उघडून बघू का, डोळे धुवायचं पाणी सुरू आहे का, तक्त्यावरचा नंबर लावला तर कोण उचलतं, आणि इथे सांडलेलं कोण पुसतं. शेवटचा प्रश्न ऐकून सिनियर हसतील. हसू द्या. त्या माणसाचं नाव विचारून घ्या, आणि तुम्ही कुठली बाटली उघडणार आहात हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.